मोरोक्कोतील रियाद : थाटाचे की बेताच्या खर्चाचे?

परदेशी मुक्कामाची जागा ठरविताना आपण आधी भाडे पाहतो आणि मग छायाचित्रे. मोरोक्कोला जाणाऱ्या वैद्यकबंधूंनी मात्र आणखी एक गोष्ट पाहावी : सोबत येणाऱ्यांची प्रकृती.

माराकेश आणि फेस या शहरांच्या तटबंदीतील जुन्या भागास ‘मदिना’ म्हणतात. फेसची मदिना १९८१ मध्ये, तर माराकेशची १९८५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. येथील पारंपरिक घर म्हणजे रियाद. हा शब्द बागेसाठी असलेल्या अरबी शब्दावरून आला आहे. मधोमध उघडा चौक, त्यात कारंजे व लिंबू-संत्र्याची झाडे, सभोवार मजल्यांवर खोल्या, आणि गल्लीच्या बाजूस जवळजवळ कोरी भिंत. चौसोपी वाडा पाहिलेल्यांना ही रचना परकी वाटणार नाही. अशी अनेक घरे आज पाहुण्यांसाठी खुली आहेत.

एका टोकाला २०१० मध्ये सुरू झालेले माराकेशचे रॉयल मन्सूर. तेथे पाहुण्यांसाठी ५३ स्वतंत्र रियाद आहेत. दुसऱ्या टोकाला चार-पाच खोल्यांची घरगुती रियाद. ‘झेलीज’ फरश्यांची नक्षी, साबण लावून घोटलेला ‘तादेलाक्त’ चुन्याचा गिलावा आणि गच्चीवरचा पुदिन्याचा चहा यांचा आनंद साध्या घरातही मिळू शकतो. अधिकचे पैसे खर्ची पडतात ते बव्हंशी छायाचित्रात न दिसणाऱ्या सोयींवर.

पहिली बाब जिन्याची. जुन्या घरांतील जिने अरुंद आणि चढ उभा, उद्वाहन क्वचितच. गुडघेदुखी वा हृदयविकार असणाऱ्यांसाठी तळमजल्यावरची खोली आधीच मागून घ्यावी. तीत चौकातील बोलणे ऐकू येते, तेवढे सोसावे.

दुसरी बाब हवामानाची. माराकेशमध्ये जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तर जानेवारीच्या रात्री चांगल्याच गारठ्याच्या असतात. उन्हाळ्यात शीतल वाटणारा उघडा चौक हिवाळ्यात थंडीच आत आणतो. म्हणून खोली उबदार ठेवण्याची सोय कोणती, हे विचारावे.

तिसरी बाब सर्वांत गंभीर. मोरोक्कोत पाणी तापविण्यास ब्युटेन गॅसवरील उपकरणे सर्रास वापरली जातात, आणि कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा ही त्या देशाची जुनी समस्या आहे. या वायूला रंग नाही, गंध नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही लक्षणे प्रवासाच्या थकव्यावर सहज ढकलली जातात. आणि नेहमीचा पल्स ऑक्सिमीटर अशा वेळी फसवे समाधान देतो, हे आपण जाणतोच. एकाच खोलीतील दोघांना एकाच वेळी असा त्रास झाला, तर आधी मोकळ्या हवेत यावे. गॅसचे उपकरण न्हाणीघराच्या बाहेर, खेळत्या हवेत असल्याची खात्री करावी. बॅटरीवर चालणारा लहान सूचक सोबत नेणे उत्तम.

चौथी बाब अंतराची. मदिनेतील बऱ्याच गल्ल्यांत मोटार शिरत नाही. फेसमध्ये तर आजही खेचरे माल वाहतात. सामान हातगाडीवरून येईल. पण रात्री-अपरात्री रुग्णाला गल्लीबाहेर आणायचे झाल्यास मिनिटे मोजावी लागतील. वेशीजवळचे घर म्हणूनच श्रेयस्कर. ८ सप्टेंबर २०२३ च्या भूकंपाने माराकेशच्या मदिनेतही पडझड झाली होती. त्यानंतर घराची तपासणी-दुरुस्ती झाली का, हेही विचारण्यास संकोच नको.

तात्पर्य, प्रकृती ठणठणीत असेल, तर वसंत वा शरद ऋतूत बेताच्या खर्चाचे घर खुशाल निवडावे. यजमानांशी होणारी ओळख तेथे अधिक जवळची असते. वृद्ध आई-वडील वा लहान मुले सोबत असतील, तर वरील प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देणारे घर घ्यावे, मग चार पैसे अधिक का पडेनात. तेही शक्य नसेल, तर सहा रात्रींऐवजी चारच रात्री राहावे. पण काटकसर सुरक्षिततेत करू नये.