ब्रेक ऑइल जाते कुठे?

बॉनेट उघडून पाहावे, तर ब्रेक ऑइलच्या टाकीतील पातळी ‘मिनिमम’च्या रेषेला टेकलेली असते. गाडीखाली डाग नाही, चाके कोरडी आहेत आणि ब्रेकही नेहमीसारखे लागतात. मग गॅरेजमध्ये टाकी काठोकाठ भरून दिली जाते, ‘थोडेफार उडतेच’ असे सांगितले जाते आणि गाडी पुन्हा रस्त्यावर येते. महिना-दीड महिन्याने पुन्हा तोच प्रकार.

हे ‘उडणे’ मुळातच खरे नाही. ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते खरे तर तेलही नव्हे. बहुतेक मोटारींमध्ये वापरला जाणारा डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचा हा द्रव ग्लायकॉल वर्गातील रसायनांपासून बनतो. नवा असताना डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५, तर डॉट ४ चा किमान २३० अंश सेल्सिअस असतो. झाकणबंद टाकीतून त्याची वाफ होऊन पातळी उतरत नाही. उलट हवेतील बाष्प तोच शोषून घेतो. तेव्हा पातळी उतरण्याची कारणे दोनच. एक तर ब्रेकचे पॅड झिजले आहेत किंवा कुठेतरी गळती आहे.

पहिले कारण निरुपद्रवी आहे. पॅड झिजत जातात तसा कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकून राहतो आणि त्यामागची वाढलेली जागा टाकीतील द्रव भरून काढतो. पॅडच्या संपूर्ण आयुष्यात पातळी ‘मॅक्सिमम’कडून ‘मिनिमम’कडे सावकाश येणे हे त्यामुळे स्वाभाविकच असते. मधेच टाकी भरली, तर नवे पॅड बसविताना पिस्टन मागे ढकलले की द्रव बाहेर सांडतो आणि जिथे पडेल तिथला रंग खातो. म्हणून आधी पॅडची जाडी पाहावी. पॅड जाड असतील किंवा पातळी काही आठवड्यांतच उतरत असेल, तर गळती आहे असेच धरून चालावे.

ही गळती दिसत का नाही? कारण तिच्या नेहमीच्या जागा झाकलेल्या असतात. पहिली जागा मागच्या चाकांचे ड्रम. तेथील व्हील सिलिंडरचे वॉशर गेले, की द्रव त्यावरील रबरी टोपीत साठतो, नंतर लायनरमध्ये मुरतो. जमिनीवर थेंब पडेपर्यंत बराच काळ लोटलेला असतो. प्रस्तुत प्रतिनिधीच्या गाडीत तीन वेळा टाकी भरल्यानंतर चौथ्या वेळी ड्रम उघडला गेला, तेव्हा डाव्या चाकाचे दोन्ही लायनर चिंब भिजलेले निघाले. गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढत होती, ती याच कारणाने. असे भिजलेले लायनर पुसून पुन्हा बसवू नयेत, ते बदलावेच लागतात.

दुसरी जागा अधिक फसवी आहे. मास्टर सिलिंडरचा मागचा वॉशर गळू लागला, की द्रव थेट ब्रेक बूस्टरच्या डब्यात उतरतो. पेट्रोल गाडीत हा डबा इंजिनच्या निर्वातावर चालतो. त्यामुळे कधी कधी तो द्रव नळीवाटे इंजिनात खेचला जाऊन जळतो आणि सायलेन्सरमधून पांढरट धूर येतो. बाहेर थेंबही दिसत नाही. मास्टर सिलिंडरखाली बूस्टरचा रंग सुटलेला दिसला, तर संशय बळावतो. सिलिंडरचे नट सैल करून तो किंचित पुढे ओढला आणि मागची बाजू ओली निघाली, तर निदान पक्के.

तिसरी शक्यता क्लचची. हायड्रॉलिक क्लच असलेल्या अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची टाकी एकच असते. ब्रेकचा सारा मार्ग कोरडा असूनही पातळी उतरत असेल, तर क्लचच्या पेडलवरचा आणि गिअरबॉक्सकडचा सिलिंडर तपासावा. काही गाड्यांत गिअरबॉक्सकडचा सिलिंडर आवरणाच्या आतच असतो.

एक गोष्ट येथे वेगळी ठेवली पाहिजे. पेडल दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली जात असेल, पण टाकीतील पातळी स्थिर असेल, तर दोष बहुधा मास्टर सिलिंडरच्या आतील वॉशरचा असतो. तेथे द्रव बाहेर जात नाही, आतल्या आत मागे सरकतो. त्यात धोका कमी नाही, पण शोध वेगळ्या ठिकाणी घ्यावा लागतो.

घरच्या घरी करता येण्याजोगे एवढेच, की टाकीवर पेनाने पातळीची खूण करून तारीख लिहावी, रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरावा आणि चाकांच्या आतील बाजू व पेडलजवळचा गालिचा हाताने चाचपून पाहावा. डाग ब्रेकच्या द्रवाचा की इंजिन ऑइलचा, हे पाण्याने कळते: ब्रेकचा द्रव पाण्यात मिसळतो, ऑइल तरंगते. शोध लागेपर्यंत टाकी वारंवार भरत राहिल्यास पुरावाच पुसला जातो.

मोटारींत ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एकातील द्रव संपला तरी दुसरा काम करतो. पण तेव्हा पेडल खोल जाते आणि गाडी थांबायला बरेच अधिक अंतर लागते. खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या उतारावर ते अंतर मिळेलच असे नाही. त्यामुळे पेडल मऊ लागले किंवा लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही विझला नाही, तर गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नये, ओढून न्यावी.