सहा किलोमीटरची सवय

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे धावपटू अविनाश साबळेचं गाव. आईवडील वीटभट्टीवर राबायचे आणि शाळा सहा किलोमीटरवर होती. वाहनाची सोय नसल्याने सहाव्या वर्षापासून तो हे अंतर कधी चालत, कधी पळत कापायचा. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण हुकलं ते ०.०५ सेकंदाने!

शाळेच्या वाटेनेच त्याला घडवलं का? बेंग्ट साल्टिन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने केनियातल्या मुलांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मोजली, तेव्हा पायी किंवा धावत शाळा गाठणारी मुलं इतरांपेक्षा सरस निघाली. वाढत्या वयात रोज असा सराव झाला, की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलू लागतं. मात्र ही कमाई सांभाळावी लागते. बारावीनंतर ५ महार रेजिमेंटमध्ये गेलेल्या साबळेचंही वजन मध्यंतरी वाढलं होतं. ते घटवून तो मैदानात परतला.

मग बालपणातलं टिकतं काय? फिनलंडमध्ये १९८०पासून ३ ते १८ वयोगटातल्या सुमारे ३,६०० मुलांचा मोठेपणीही पाठपुरावा झाला. लहानपणी सलग काही वर्षं खेळत राहिलेली मुलं मोठेपणीही हालचाल करत राहण्याची शक्यता जास्त दिसली. पळणं, उडी मारणं, तोल सांभाळणं एकदा अंगवळणी पडलं, की तिशीत मैदानावर उतरताना संकोच वाटत नाही. बीड जिल्ह्यातल्याच पाटोद्याच्या राहुल आवारेला अशीच कुस्ती पैलवान वडिलांकडून मिळाली. २०१९मध्ये त्याने जागतिक स्पर्धेत कांस्यपदक पटकावलं.

याच बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर ऊसतोडीला जातात आणि मुलंही सोबत निघतात. थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन कोपीपाशी, म्हणजे झोपडीपाशी थांबते, मुलगा वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधतो. अंग दिवसभर हलतंच, पण याला खेळ म्हणता येणार नाही. पुरेशी विश्रांती न देणारे जड श्रम हृदयाला व्यायामाइतके मानवत नाहीत, असं प्रौढांवरच्या अनेक अभ्यासांत आढळलं आहे. शिवाय खेळाची सवय लागायच्या वयातच दर हंगामात तिच्यात सहा-सहा महिन्यांचा खंड पडतो.

ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहांमुळे यातली काही मुलं गावातच राहतात. त्यांच्या जेवणाची तरतूद होते, तशी संध्याकाळच्या खेळाचीही व्हायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सुचवली आहे. खो-खोचे दोन खांब, चुन्याने आखलेलं मैदान आणि खेळात रमणारे एखादे गुरुजी किंवा बाई, एवढ्यावर त्या तासाची सुरुवात याच हंगामात करता येईल.