अंडी उबवणीचा हिशेब आणि कोंबडीचा भाव

पुढील हंगामात बाजारात माल किती येईल याची अटकळ शेतकरी पेरणीवरून बांधतो. कपाशीचा पेरा किती झाला, मका किती शिवारांत उभा आहे, हे तो जाता-येता पाहत असतो. कोंबडीच्या मांसाचाही असाच पेरा असतो. परंतु तो कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तो उबवण यंत्राच्या बंद दारामागे होतो. म्हणूनच त्याची नोंद ठेवणे हा मांसल कोंबड्यांच्या धंद्याचा कणा होय.

उबविण्यास ठेवलेल्या अंड्यातून २१ व्या दिवशी पिलू बाहेर पडते. ते शेडमध्ये टाकल्यापासून ३५ ते ४२ दिवसांत सुमारे २ किलोची कोंबडी विक्रीस तयार होते. म्हणजे आज यंत्रात किती अंडी आहेत हे ज्याला ठाऊक आहे, त्याला आठ-नऊ आठवड्यांनंतरच्या बाजाराचे चित्र बरेचसे आजच दिसते. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सांख्यिकी विभाग याच कारणास्तव दर आठवड्याला दोन आकडे प्रसिद्ध करतो : उबवणीस ठेवलेली अंडी आणि शेडमध्ये टाकलेली पिले.

आषाढ अमावास्येचे गणित

महाराष्ट्रात या हिशेबाला पंचांगाचीही जोड द्यावी लागते. आषाढात कोंबडीला मोठी मागणी असते. श्रावण लागताच असंख्य घरांत मांसाहार बंद होतो. त्यापुढे गणेशोत्सव व नवरात्र येते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कोंबडीपालकालाही हे चक्र चुकत नाही.

सन २०२३ चे उदाहरण घ्यावे. त्या वर्षी आषाढ अमावास्या १७ जुलै रोजी होती. ४० दिवसांची कोंबडी त्या दिवशी तयार हवी असेल, तर पिले ७ जून रोजी शेडमध्ये पडावयास हवीत आणि त्यांची अंडी १७ मे रोजी यंत्रात जावयास हवीत. तीच अंडी तीन आठवडे उशिरा, म्हणजे ७ जून रोजी ठेवली असती, तर त्यांच्या कोंबड्या ७ ऑगस्टला तयार झाल्या असत्या. त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे १८ जुलैपासून १५ सप्टेंबरपर्यंत श्रावणच होता. अधिक मासातही मांसाहार वर्ज्य मानणारी घरे पुष्कळ आहेत. अशा वेळी तयार माल शेडमध्ये उभा राहतो, दररोज खाद्य खातो, आणि वजन वाढूनही पालकाच्या पदरी तोटाच पडतो.

यात आणखी एक अडचण आहे. मातृकळपातील कोंबड्या २४ ते २५ आठवड्यांच्या वयापासून अंडी देऊ लागतात व पुढे कित्येक महिने देत राहतात. श्रावण आला म्हणून त्या थांबत नाहीत. अंडे आठवड्याहून अधिक काळ साठविले, तर दर दिवसागणिक त्यातून पिलू निघण्याची शक्यता घटत जाते. म्हणून उबवणी केंद्रापुढे दोनच मार्ग उरतात : अंडी यंत्रात ठेवणे, किंवा ती खाण्यासाठी स्वस्तात विकणे. पहिला मार्ग सर्वांनीच धरला की पिले अतोनात होतात व भाव कोसळतो.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यातील उबवणी

आषाढासाठीची अंडी ऐन वैशाखात यंत्रात जातात हे विशेष ध्यानात ठेवावे. त्या वेळी मराठवाड्यात दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. अंड्यातील गर्भ साधारण २४ अंशांच्या वर अर्धवट वाढू लागतो व पुढे दगावतो. यास्तव गोळा केलेली अंडी १६ ते १८ अंश तापमानाच्या खोलीत ठेवावीत. तेथून काढल्यावर ती हळूहळू कोमट होऊ द्यावीत. थंड अंडे एकाएकी दमट उष्ण हवेत आणल्यास त्यावर पाणी धरते व कवचाच्या छिद्रांतून जंतू आत शिरतात.

यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस तापमान व ५० ते ५५ टक्के आर्द्रता राखतात, आणि अंडी दर तासाला फिरवितात. १८ व्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन सुमारे १२ टक्क्यांनी घटणे योग्य होय. त्यानंतर अंडी पिले निघण्याच्या यंत्रात हलवून आर्द्रता वाढवितात. शेवटच्या दिवसांत गर्भ स्वतःच उष्णता बाहेर टाकतो. म्हणून वीज गेली असता लहान गर्भाला थंडीचे भय असते, तर मोठ्या गर्भाला उकाड्याचे. पहिल्या आठवड्यात दार बंद ठेवावे. शेवटच्या आठवड्यात ते किलकिले करून कोंडलेली उष्णता बाहेर जाऊ द्यावी.

नोंदवहीत काय लिहावे

प्रत्येक खेपेस पुढील बाबी लिहून ठेवाव्यात : अंडी कोणत्या कळपाची, त्या कळपाचे वय, साठवणीचे दिवस, यंत्रात ठेवल्याची तारीख व संख्या, १८ व्या दिवशी प्रकाशात तपासून बाजूला काढलेली अंडी, निघालेली पिले, नापास केलेली पिले, आणि पिले कोणाकडे रवाना केली.

न उबलेली अंडी फोडून पाहिल्याखेरीज नोंद पुरी होत नाही. अफलित अंडी जास्त आढळली, तर दोष नरांकडे असावा. गर्भ पहिल्या काही दिवसांतच मेला असेल, तर साठवण तपासावी. पूर्ण वाढलेले पिलू कवचात मेले असेल, तर यंत्राची उष्णता व आर्द्रता पाहावी.

पिले शेडमध्ये टाकताना

उबवणी केंद्राची वही जेथे संपते तेथे पालकाची वही सुरू होते. पिले येण्यापूर्वी एक दिवस शेड ऊबदार करावे; पिलांच्या उंचीवर ३२ ते ३४ अंश तापमान असावे. मोजून घेतलेली पिले, वाटेत मेलेली पिले, पहिल्या सात दिवसांतील मरतूक व सातव्या दिवसाचे वजन यांची नोंद करावी. आरंभी सुमारे ४० ग्रॅमचे पिलू आठवड्यात चौपटीहून अधिक वजनाचे झाले पाहिजे. तसे न झाल्यास दोष अंड्याचा, वाहतुकीचा की शेडचा, हे दोन्ही वह्या शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

करार पद्धतीत पिले, खाद्य व औषधे कंपनी पुरविते आणि पालकाला वाढवणुकीचा मोबदला मिळतो. त्याला बाजारभावाची झळ थेट लागत नाही. परंतु कंपनीने पिले कमी टाकली, तर त्याचे शेड रिकामे पडते आणि कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहतो. स्वतंत्र पालकाच्या डोक्यावर भावाचा सारा भार असतो. म्हणून दोघांनाही या आकड्यांशी कर्तव्य आहे.

मका उत्पादकाचाही संबंध

समजा, १०,००० अंडी ठेवली व ८० टक्के उबली. ८,००० पिले मिळाली. त्यांत ५ टक्के मरतूक धरली, तर ७,६०० कोंबड्या, म्हणजे सुमारे १५ टन जिवंत वजन हाती येते. किलोमागे १.६ किलो खाद्य धरल्यास २४ टन खाद्य लागते, व त्यात निम्म्याहून अधिक मका असतो. सिल्लोड, कन्नड, फुलंब्रीच्या मका उत्पादकाचा ग्राहक अशा रीतीने अंड्यातूनच जन्मास येतो.

संकटकाळातील उपयोग

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातही तो आला. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अशा वेळी कोणती पिले कोठून कोठे गेली हे तत्काळ सांगणारी नोंद नसेल, तर रोगाचा माग काढणे कठीण होते आणि निरोगी कळपांवरही संशय येतो. सन २०२० च्या आरंभी कोरोनासंबंधीच्या खोट्या अफवेने कोंबडीचे भाव कोसळले. भयापोटी ज्यांनी पिले टाकणेच बंद केले, त्यांच्यापाशी पुढे मागणी परतली तेव्हा विकावयास काही उरले नव्हते.

राज्य शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर व कोल्हापूर येथे आहेत. त्यांचा मुख्य भर परसातील कोंबडीपालनास पिले पुरविण्यावर असला, तरी तारीख, संख्या व उगम लिहिण्याची शिस्त तेथेही तीच लागते. खाजगी पालकांनी आपापल्या तालुक्यात गट करून आठवड्याला किती पिले टाकली याची एकत्र बेरीज केली, तर पुढील दीड महिन्याचा अंदाज प्रत्येकास मिळेल.

पाऊस कधी पडेल हे कोणाच्या हाती नाही. मात्र सहा आठवड्यांनी किती कोंबड्या विक्रीस येतील, हे आज लिहून ठेवता येते. दोन आण्यांच्या वहीचे दिवस सरले असले, तरी वहीची किंमत सरलेली नाही. पिले मागविण्यापूर्वी कोंबडीपालकाने पंचांग आणि नोंदवही ही दोन्ही उघडून पाहावीत.