पिंजऱ्यातली आई

उंदीर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येतात ती कुरतडलेली पोती आणि कणगीला पडलेली भोके. त्याचे कौतुक शेतकऱ्याला कोण सांगणार? पण मित्रहो, आज मी सांगणार आहे ते कणगीतल्या उंदराचे नव्हे. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला जो पांढरा उंदीर असतो ना, त्याच्या आईची ही हकीकत आहे.

मादी सुमारे २२ दिवस गाभण असते. दिवस भरत आले की ती घरटे करू लागते. कागदाचे कपटे, वाळके गवत, पिंजऱ्यात जे मिळेल ते तोंडाने ओढून कोपऱ्यात वाटीसारखा खळगा करते. एका वेताला बहुधा आठ ते बारा पिले होतात. एकेक पिलू जेमतेम पाच-सहा ग्रॅमचे! अंगावर लव नाही, डोळे मिटलेले, कान बंद. कातडी इतकी पातळ, की पोटातले दूध बाहेरून पांढरे दिसते.

अशा पिलाला स्वतःची ऊब राखता येत नाही. फार काय, लघवीसुद्धा आपली आपण होत नाही. आईने जिभेने चाटले म्हणजे होते. घरट्याबाहेर पडून गारठलेले पिलू ओरडते. पण तो आवाज इतक्या उंच पट्टीतला, की आपल्या कानांना तो ऐकूच येत नाही. आईला मात्र येतो. ती धावते आणि पिलाला तोंडात अलगद धरून घरट्यात आणते.

मग सांभाळणाऱ्याने काय करावे? दाणापाणी भरपूर द्यावे, घरट्याला सामान द्यावे आणि बाकी ढवळाढवळ करू नये. नराला वेगळे काढावे, कारण व्याल्यावर दिवसाच्या आतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. पिंजरा वारंवार हलवला तर घाबरलेली आई कधी कधी स्वतःचीच पिले मारते. तिला शांतता मिळाली, की दोन आठवड्यांत पिलांचे डोळे उघडतात आणि २१ दिवसांनी ती आईवेगळी राहू शकतात.

आता या गोष्टीतला खरा मुद्दा ऐका. सगळ्याच आया सारख्या चाटत नाहीत. काही जास्त, काही कमी. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बारकाईने लक्ष ठेवले. १९९७ साली त्यांनी दाखवले, की जास्त चाटलेली पिले मोठेपणी संकटात कमी घाबरतात. यावर कुणी म्हणेल, ‘हा रक्ताचाच गुण असेल.’ म्हणून त्यांनी पिलांची अदलाबदल करून पाहिली. कमी चाटणाऱ्या आईची पिले जन्मताच जास्त चाटणाऱ्या आईकडे दिली. तर काय, ती पाळणाऱ्या आईच्या वळणावर गेली! त्यांतल्या माद्या पुढे आपल्या पिलांनाही तशाच चाटू लागल्या. हे १९९९ साली प्रसिद्ध झाले.

पुढे आणखी एक गोष्ट दिसली. जास्त चाटणारी मादी गाभण असताना तिला त्रास दिला, तर व्याल्यावर तीही कमी चाटते. म्हणजे माया आटली, तर दोष एकट्या आईचा नव्हे; तिच्या भोवतालचाही असतो.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मलाही कळते. उंदरावरून माणसाचा निवाडा करू नये. पण शिक्षक मित्रहो, वर्गातल्या बुजऱ्या पोराकडे पाहून आपण किती सहज म्हणतो, ‘मूळचाच भित्रा, बापावर गेलाय.’ पुढच्या वेळी हे तोंडावर आले, तर क्षणभर थांबा. आणि गावकरी मंडळी, घरात पोटुशी सून असेल, तर तिला पोटभर अन्न आणि थोडी शांतता मिळते आहे ना, एवढे आजच पाहा.