अ‍ॅमेझॉनच्या जंगलात कारखान्यांचा धूर नाही, तरीही तिथला पाऊस आंबट का?

आम्ल पाऊस म्हटलं की आपल्याला आठवतात धूर ओकणारी धुरांडी आणि मथुरेच्या रिफायनरीमुळे काळजीचा विषय झालेला ताजमहाल. मग कारखान्यांपासून दूर असलेल्या अ‍ॅमेझॉनच्या जंगलात पडणारा पाऊस आम्लधर्मी कसा?

मुळात शुद्ध हवेतला पाऊसही थोडा आम्लधर्मीच असतो. कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे त्याचा पीएच साधारण ५.६ असतो. अ‍ॅमेझॉनच्या पावसाचा पीएच मात्र ५ च्या आसपास आढळतो. फरक किरकोळ वाटेल, पण पीएचचं गणित दहाच्या पटीत चालतं. त्यामुळे हा पाऊस जवळजवळ चौपट आम्लधर्मी ठरतो.

यामागे आहेत दोन ओळखीची आम्लं. पहिलं फॉर्मिक आम्ल. काही मुंग्या शत्रूवर फवारतात तेच. लॅटिनमध्ये मुंगी म्हणजे 'फॉर्मिका', त्यावरून हे नाव पडलं. दुसरं अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे चायनीजच्या गाडीवरच्या व्हिनेगरमधलं.

ही आम्लं थोडी थेट पानांमधून बाहेर पडतात. पण बरीचशी हवेतच तयार होतात. झाडं आयसोप्रीन नावाचा वायू सोडतात. जगभरात वर्षाला सुमारे ५० कोटी टन! सूर्यप्रकाशात त्याचं विघटन होताना अखेरीस ही आम्लं बनतात.

आता खरी गंमत. जंगल ही आम्लं सोडतं, तसंच परत शोषूनही घेतं. पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, दोन्ही दिशांनी ये-जा सुरू असते. हवेतलं प्रमाण एका ठरावीक पातळीखाली असेल तर पान आम्ल बाहेर सोडतं. त्याहून जास्त असेल तर आत घेतं. ही पातळी असते अब्जात एक-दोन भाग इतकी क्षुल्लक, आणि तीही ऊन व तापमानाबरोबर बदलते. शिवाय पानं ओली असली की पाण्याच्या थरातही आम्ल विरघळतं. अ‍ॅमेझॉनमध्ये पानं ओली नसतात कधी, हाच प्रश्न आहे!

कोरड्या ऋतूत जंगल तोडून जाळलं जातं. त्या धुरातही हीच आम्लं असतात. हवेतलं प्रमाण वाढतं आणि शेजारचं शाबूत जंगल ती शोषू लागतं. म्हणजे सोडणाराच शोषणारा होतो. जंगल तुटलं, तर या दोन्ही गोष्टी एकदम जातात.

एकूण हिशेब मात्र बरीच वर्षं जुळत नव्हता. २०१२ मध्ये 'नेचर जिओसायन्स'मधल्या संशोधनात मेटॉप उपग्रहावरच्या उपकरणाची मोजमापं वापरली गेली. त्यातून जगातल्या फॉर्मिक आम्लाची निर्मिती वर्षाला १० ते १२ कोटी टन निघाली, तोवर माहीत असलेल्या स्रोतांच्या दुप्पट-तिप्पट. त्यातलं सुमारे ९० टक्के वनस्पतींशी जोडलेलं. अ‍ॅमेझॉनच्या पावसाच्या आम्लतेत एकट्या फॉर्मिक आम्लाचा वाटा ६० ते ८० टक्क्यांपर्यंत असू शकतो, असंही त्यात म्हटलं होतं.

हे जास्तीचं आम्ल येतं कुठून? त्याचं एक महत्त्वाचं उत्तर २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आलं, आणि ते निघालं ढगांत. हवेतलं फॉर्मल्डिहाइड ढगाच्या थेंबात शिरतं, पाण्याशी संयोग पावून मिथेनडायॉल बनतं, पुन्हा वायू होऊन थेंबाबाहेर पडतं आणि तिथे त्याचं फॉर्मिक आम्ल होतं.