न सापडलेल्या मूलद्रव्यांना संस्कृत नावं का दिली होती?

रशियन शास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलीव्ह यांनी आवर्तसारणीत काही घरं रिकामी ठेवली होती. १८७१ मध्ये त्यांनी तिथल्या अज्ञात मूलद्रव्यांना चक्क संस्कृत आकडे जोडून नावं दिली. ॲल्युमिनियमच्या खालच्या घरातलं ते ‘एक-ॲल्युमिनियम’. दोन घरं खाली असेल तर ‘द्वि’, तीन घरं खाली असेल तर ‘त्रि’.

१८७५ मध्ये फ्रान्समध्ये ‘एक-ॲल्युमिनियम’ सापडलं, म्हणजेच गॅलियम. त्याची घनता पाण्याच्या ४.७ पट भरली. मेंडेलीव्ह यांनी तो धातू पाहिलाही नव्हता, तरी त्यांनी कळवलं: ५.९ च्या आसपास हवी, पुन्हा मोजा. शुद्ध नमुना मोजला, तर खरंच ५.९!

आता तात्पुरती नावं अणुक्रमांकातल्या लॅटिन-ग्रीक अंकांवरून ठरतात. ११९ म्हणजे उन-उन-एन, म्हणून ‘उनउनेनियम’. जुन्या नावातून मूलद्रव्याचं घराणं कळायचं, नव्यातून फक्त नंबर कळतो.