कॉलेजचे पैसे जूनमध्ये लागतात

मुलांच्या कॉलेजचा विषय निघाला की बहुतेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो: एकूण किती खर्च येईल? आमच्या घरीही तोच विचारला गेला होता. आज सोळा वर्षांच्या मला भेटता आले, तर मी त्याला दुसरा प्रश्न विचारायला सांगेन: पैसे कोणत्या तारखेला लागतील?

२०१० साली मी बारावी झालो. घर देवासला, कॉलेज इंदूरचे. यादीत नाव लागले आणि फी भरायला चार दिवस मिळाले. फी ४२,००० रुपये. वडिलांच्या बचत खात्यात २२,००० होते. शिवाय बँकेत ३०,००० रुपयांची मुदत ठेव होती, पण ती मोडली तर व्याज बुडेल म्हणून वडिलांनी तिला हात लावला नाही. आईच्या दोन बांगड्या सावकाराकडे गेल्या, शेकडा तीनने. ऐकायला हा आकडा लहान वाटतो. शेकडा तीन म्हणजे महिन्याला ३ टक्के, वर्षाला ३६. वीस हजारांवर दर महिन्याला ६०० रुपये. बांगड्या सोडवायला चौदा महिने लागले आणि व्याजापोटी ८,४०० रुपये गेले.

त्या चौदा महिन्यांत ती मुदत ठेव बँकेत शांतपणे पडून होती. ठेव न मोडता तिच्यावर कर्ज मिळते, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हते. बँका साधारणपणे ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत असे कर्ज देतात, व्याज ठेवीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त असते, आणि ठेवीवरचे व्याज चालूच राहते. कर्जाचा दर १० टक्के धरला, तरी २०,००० रुपयांचे चौदा महिन्यांचे व्याज २,३३० रुपयांच्या आसपास झाले असते. म्हणजे सहा हजारांचा फटका फक्त न विचारल्यामुळे बसला. त्या वेळी इंदूरला जायच्या-यायच्या बसचा कितीतरी महिन्यांचा खर्च त्यात भागला असता.

तुमच्या घरी ठेव नसेल आणि पोस्टाचे आवर्ती खाते असेल, तर तिथेही सोय आहे. बारा हप्ते भरून झाले असतील आणि खाते एक वर्ष चालू असेल, तर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते. व्याज आवर्ती खात्याच्या दरापेक्षा २ टक्के अधिक. आणि दागिनाच गहाण ठेवायची वेळ आली, तर आधी बँकेत दर विचारा. सावकाराचा ‘शेकडा’ दर महिन्याचा असतो आणि बँकेचा दर वर्षाचा, हे लक्षात ठेवून दोन्हींची तुलना करा.

पहिल्या महिन्याची पुंजी

फी हा कॉलेजच्या खर्चातला सर्वांत मोठा आकडा असतो, पण निदान तो माहितीपत्रकात छापलेला तरी असतो. अडचण होते ती न छापलेल्या खर्चांची. प्रवेश परीक्षांचे अर्ज, काउन्सेलिंगसाठीचा प्रवास, जागा राखून ठेवण्याची रक्कम, हॉस्टेलची अनामत, मेसचे आगाऊ पैसे, गादी-बादली, प्रयोगशाळेचा एप्रन, बसचा पास. यांतले बरेचसे एकाच महिन्यात येतात आणि त्यांना हप्ते नसतात. म्हणून कॉलेजच्या एकूण खर्चाची तरतूद तुम्ही कशीही करा, पहिल्या महिन्यापुरती एक वेगळी पुंजी ठेवा आणि तिला दुसऱ्या कशासाठीही हात लावू नका.

यासाठी मला पोस्टाचे पाच वर्षांचे आवर्ती खाते सोयीचे वाटते, आणि त्याचे कारण कॅलेंडरमध्ये आहे. सातवीची परीक्षा झाली की एप्रिलमध्ये खाते उघडा. आठवी ते बारावी अशी पाच वर्षे हप्ते भरले, की खाते बारावीची परीक्षा संपता संपता, म्हणजे प्रवेशाच्या थोडे आधी पिकते. महिना १०० रुपयांपासून खाते उघडता येते. वार्षिक ६.७ टक्के दराने महिना ५०० रुपये भरले, तर पाच वर्षांत तुमचे ३०,००० जातात आणि ३५,६८३ रुपये हातात येतात. नव्या खात्यांसाठीचा दर सरकार दर तिमाहीला जाहीर करते. तुम्ही खाते उघडता त्या दिवशी जो असेल तो तुमच्यासाठी पाचही वर्षे कायम राहतो. मूल अकरावीत गेले असेल तर पोस्टाची पाच वर्षे हाताशी नाहीत. मग बँकेत दोन वर्षांचे आवर्ती खाते उघडा, फक्त मुदत मे महिन्याच्या आत संपेल अशी बघा.

मुलीसाठी सुकन्या समृद्धी खाते असेल तर फारच चांगले, पण त्यातले सगळे पैसे प्रवेशाच्या वेळी मिळतील असे गृहीत धरू नका. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर शिक्षणासाठी रक्कम काढता येते, ती मागच्या आर्थिक वर्षाच्या अखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत, आणि त्यासाठी प्रवेशाचे पत्र किंवा फीची पावती दाखवावी लागते. ते पत्र हातात येईपर्यंत फीची तारीख दोन-चार दिवसांवर आलेली असते. म्हणून पुंजी वेगळी हवीच.

नाव, सही आणि आधार

सोळा वर्षांच्या मला हा भाग कंटाळवाणा वाटला असता. पण पैसा मंजूर होऊनही अडकतो तो बहुतेक वेळा इथेच.

पहिली गोष्ट नावाची. आपल्याकडे मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे पूर्ण लिहायची पद्धत आहे. महाराष्ट्राबाहेरच्या अनेक शाळांत फक्त नाव आणि आडनाव घेतात. मग गुणपत्रिकेवर दोन शब्द, आधारवर तीन, बँकेच्या पासबुकात वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर, अशी स्थिती होते. माणसाला ते एकच नाव वाटते; संगणकाला ती तीन वेगळी माणसे वाटतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे नाव आहे तेच पुढे धरून चालतात, तेव्हा आधार आणि बँक खाते त्याप्रमाणे करून घ्या. दहावीचा परीक्षा अर्ज अजून भरायचा असेल, तर तो भरताना नावाकडे दोनदा बघा.

दुसरी गोष्ट अठराव्या वाढदिवसाची. मुलाच्या नावाचे जे खाते आजवर पालकांच्या सहीने चालले, ते मूल सज्ञान झाल्यावर तसेच चालत नाही. मुलाची नवी सही, फोटो आणि केवायसीची कागदपत्रे द्यावी लागतात. तोवर व्यवहार थांबू शकतात. बारावी आणि अठरा वर्षे साधारण एकाच सुमारास येतात, हे लक्षात ठेवा. दोन वर्षे ग्राहकाने खात्यात कोणताच व्यवहार केला नाही तरीही खाते निष्क्रिय होते. लहानपणी उघडून विसरलेल्या खात्याच्या भरवशावर राहू नका.

तिसरी गोष्ट आधारची. खात्याला आधार क्रमांक नुसता जोडलेला असणे वेगळे, आणि सरकारी रक्कम जमा होण्यासाठी ते खाते आधारशी ‘सीड’ केलेले असणे वेगळे. एका आधार क्रमांकासाठी एका वेळी एकच बँक अशी नोंदवलेली असते. पुष्कळ मुले कॉलेजजवळच्या शाखेत नवे खाते उघडतात, तिथल्या अर्जात नकळत सीडिंगला संमती देतात, आणि मग शिष्यवृत्ती जुन्या खात्यात का आली नाही म्हणून महिनोन्महिने वाट बघतात. कोणती बँक नोंदलेली आहे ते आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते. दोन मिनिटांचे काम आहे.

उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि लागू असेल तर जातीचा दाखला यांसाठी निकालाची वाट पाहू नका. निकालानंतर तहसील कार्यालयात सगळा जिल्हा उभा असतो.

शिष्यवृत्ती येते, पण उशिरा

केंद्र सरकारच्या आणि अनेक राज्यांच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरता येतात. त्यांतली एक सांगतो, कारण मध्यमवर्गीय घरांना ती सहसा माहीत नसते. बारावीच्या बोर्डात ज्यांचा क्रमांक वरच्या २० टक्क्यांत लागतो आणि ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत आहे, अशा नियमित पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची योजना आहे. निवड झाल्यास पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला १२,००० रुपये आणि पदव्युत्तर शिक्षणाला वर्षाला २०,००० रुपये मिळतात. जागा ठरलेल्या असतात, म्हणून अर्ज केला की मिळालीच असे नाही.

मात्र अर्ज प्रवेश घेतल्यानंतर भरायचा असतो, त्याची छाननी आधी कॉलेज करते आणि मग पुढे जाते. त्यामुळे हा पैसा प्रवेशाच्या दिवशी कधीच हातात नसतो. माझी शिष्यवृत्ती मार्चमध्ये आली होती. फीचे गणित मांडताना पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती शून्य धरा. आली की ती दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी बाजूला ठेवा.

कर्जाचे मीटर कधी सुरू होते?

शैक्षणिक कर्जाची धास्ती घेऊ नका, पण त्याचे गणित आधी समजून घ्या. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. निवडक संस्थांत प्रवेश मिळालेल्यांसाठी २०२४ साली पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. तिच्यात तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना अटींसह व्याजात सवलत आहे. तुमचे कॉलेज त्या यादीत आहे का, ते पोर्टलवर पाहा. अर्ज मंजूर व्हायला दोन ते चार आठवडे धरा. म्हणजे पहिली फी पुन्हा तुमच्या पुंजीतूनच भरावी लागण्याची शक्यता आहे. अशी भरलेली फी काही बँका नंतर कर्जातून परत देतात. आधी विचारा आणि पावती जपून ठेवा.

हप्ते सहसा अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात. ‘तोवर काही भरायचे नाही’ एवढेच घरात सगळ्यांच्या लक्षात राहते. पण व्याज पहिल्या रुपयापासून चालू असते.

समजा, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दर वर्षी १ लाख असे ३ लाखांचे कर्ज घेतले, दर १० टक्के. शिक्षणाच्या काळात सरळव्याज लागते. पहिल्या लाखावर चार वर्षांचे ४०,०००, दुसऱ्यावर ३०,०००, तिसऱ्यावर २०,०००. हप्ते सुरू व्हायच्या दिवशी तुम्ही ३ लाख नव्हे, ३,९०,००० रुपये देणे असता. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ६,४७० रुपये. तेच व्याज जर घरातून वेळच्या वेळी भरत गेलात, पहिल्या वर्षी महिना सुमारे ८३० रुपये, दुसऱ्या वर्षी १,६७०, पुढे २,५००, तर मुलाचा हप्ता ३ लाखांवरच बसतो: सुमारे ४,९८०. घरातून ९०,००० गेले, पण सात वर्षांच्या हप्त्यांत जवळपास सव्वा लाख वाचले. शिवाय शिकत असताना व्याज भरणाऱ्यांना अनेक बँका दरात एक टक्क्याची सूट देतात. पूर्ण व्याज झेपत नसेल तर अर्धे भरा. बँक नाही म्हणत नाही. ज्या मुलाचा पहिला पगार पंधरा-अठरा हजार असणार आहे, त्याच्यासाठी महिन्याला दीड हजारांचा फरक म्हणजे खोलीभाड्यातला मोठा वाटा.

कर्ज नाकारले तर कारण लेखी मागा. बँकेकडे तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते; चौकशीचा दूरध्वनी १४४४८.

प्रवेश बदलला तर

एका कॉलेजात फी भरली आणि आठवड्याने दुसरीकडे, अधिक चांगल्या ठिकाणी नाव लागले, असे दर वर्षी हजारो घरांत होते. आधीचे कॉलेज म्हणते, पैसे परत मिळणार नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे परतावा धोरण असे सांगते: प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, फक्त प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त ५,००० रुपये कापता येतात. पंधरा दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के, अंतिम तारखेनंतर पंधरा दिवसांत ८० टक्के, तीस दिवसांत ५० टक्के. त्यानंतर काही नाही. मूळ गुणपत्रिका आणि दाखले अडवून ठेवायलाही मनाई आहे. आयोग काही वर्षी याहून सवलतीच्या तारखा जाहीर करतो, तेव्हा त्या वर्षीचे परिपत्रक पाहा. आणि रद्द करण्याचा अर्ज तोंडी नको; तारखेसह पोच घ्या किंवा ईमेल करा, कारण टक्केवारी त्या तारखेवरच ठरते.

मूल घराबाहेर पडले की त्याला एक गोष्ट तेवढी आवर्जून सांगा. हॉस्टेलवर कधीतरी कुणीतरी म्हणेल, ‘तुझे खाते आणि एटीएम कार्ड दोन महिने वापरायला दे, पाच हजार देतो.’ फसवणुकीचे पैसे फिरवायला अशीच खाती वापरली जातात आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. असे झालेच किंवा खात्यातून पैसे गेले, तर लगेच १९३० वर फोन करायचा.

आणि दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पोर्टलवर शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा अर्ज त्यानेच स्वतः भरायचा आहे. वर सांगितलेल्या योजनेत त्यासाठी वार्षिक परीक्षेत ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. अर्जाची तारीख घरच्या कॅलेंडरवरही लिहून ठेवा.